साडूंनी पाण्याचं विचारलं होतं

आमच्या साडूंइतका पाण्यावर नजर ठेवून असणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत झाला नाही, असं मी शपथेवर सांगू शकतो. आणि याच माणसाला ‘पाणी बघायचं विसरला तो’ म्हणून दोन्ही तालुक्यांत ओळखायला लावलं ते मीच, हेही मला शपथेवरच सांगायला हवं. चूक माझी होती. तशी ती साधी चूक होती, कुणाच्याही हातून झाली असती. पण ती झाकायला मी जे एक वाक्य बोललो ते साधं नव्हतं. ते पुढे येईलच. आधी साडू कोण ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझ्या वाक्याचं वजन कळायचं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचा विषय निघाला की थोडं बोलून घेण्याचा मोह मला आवरत नाही.

साडू कडावचे. माझ्या सासऱ्यांनी थोरली मुलगी त्यांना दिली आणि पुढे काही वर्षांनी धाकटी मला. नात्यानं ते मोठे, वयानं मोठे, आणि आवाजानं तर फारच मोठे. मी त्यांना ‘भाऊ’ म्हणतो, ते मला ‘साडूभाऊ’ म्हणतात. घरची भातशेती, गोठ्यात म्हशी, आणि नोकरी खालापुरातल्या एका शेठकडे काँक्रीट पंपावर. इकडे डोंगराच्या पायथ्याशी बंगले, इमारती, लग्नाचे हॉल उठायला लागले तेव्हापासून काँक्रीट घमेल्यांनी वर चढवायचे दिवस गेले. आता मिक्सर गाडी येते, खाली उभ्या असलेल्या पंपाच्या हॉपरमध्ये, म्हणजे उघड्या हौदात, माल ओतते, आणि पंप तो माल पाइपातून तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ढकलतो. हा पंप साडू चालवत. ‘चालवत’ हा शब्द त्यांना आवडायचा नाही. “बैल चालवत्यात, रिक्षा चालवत्यात. पंप सांभाळायचा असतो,” असं ते म्हणत.

मी ज्या कारखान्यात स्टोअरला होतो तो बंद पडला आणि मी घरी बसलो, तेव्हा साडूच मला स्कूटरवर मागे घालून शेठकडे घेऊन गेले. माझ्या कामाविषयी त्यांनी एक शब्दही सांगितला नाही. म्हणाले, “शेठ, ह्ये माझं साडू. ह्यांना यंत्रातलं काय बी कळत नाय. पन ह्ये खोटं बोलत नायत. आमच्या सासुरवाडीत सगळी थापा मारत्यात, मी धरून. ह्येच तेवढे एक नाय.” शेठ हसले आणि मला कामावर घेतलं. त्या शिफारशीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

यंत्रातलं मला खरंच काही कळत नव्हतं. जे कळलं ते साडूंनी जेवणाच्या ताटावर शिकवलं. दिवाळीत दोघे जावई सासुरवाडीला जेवायला बसलो होतो. साडूंनी आमटीच्या दोन वाट्या पुढे ओढल्या आणि भाषण सुरू केलं. पंपाला सिलिंडर दोन. डिझेलचं इंजिन तेलाला दाब देतं, दाबाचं तेल एका सिलिंडरच्या दांड्याला पुढे ढकलतं, दांड्याच्या टोकाचं रबरी पिस्टन पुढचं काँक्रीट पाइपात ढकलतं. एक पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो आणि हॉपरमधला माल पोटात ओढून घेतो. मग पाळी बदलते. “आता ह्या दुसऱ्याला मागं कोन खेचतं?” त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, “इंजिन.” साडू खूश झाले, कारण मी चुकलो होतो. “इंजिन नाय न् बिंजिन नाय! दोघांच्यामधी तेलाचा एक कोंडलेला घोट असतो. ह्यो पुढं गेला की तो घोट जाऊन त्याला माघारी ढकलतो. मधी दोरी नाय, साखळी नाय. पन ह्यो पुढं तर तो मागं, चुकायचं नाय. आपन दोघं जावई तसंच, साडूभाऊ. सासऱ्यांच्या मर्जीत मी पुढं सरकलो की तुमी मागं, तुमी पुढं की मी मागं. आन मधला कोंडलेला घोट म्हंजे ह्या दोघी भैनी.” आतून दोघी बहिणींपैकी कुणीतरी म्हणालं, “घोट घ्या नि उठा आता, आमाला जेवायचंय.”

साडूंना जगातली प्रत्येक गोष्ट याच तेलाच्या फेऱ्यातून समजत असे, आणि समजली की ती दुसऱ्याला समजावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. हॉपरच्या आत हत्तीच्या सोंडेसारखा एक वाकडा पाइप असतो. जो सिलिंडर ढकलत असेल त्याच्या तोंडावर ही सोंड जाऊन बसते. पाळी बदलली की सोंडेनं डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या तोंडावर जायला हवं. एवढा झटका ऐनवेळी द्यायला तेल पुरत नाही, म्हणून शेजारी नायट्रोजन भरलेला एक लोखंडी बाटला असतो. तेल त्यात आधीपासून दाबून ठेवलेलं असतं. व्हॉल्व्ह उघडला की धाडकन सगळं बाहेर. “आन ध्यानात ठेवा,” साडू सांगत, “इंजिन बंद केलं तरी बाटला भरलेलाच ऱ्हातो. मशिन गप दिसली म्हून हॉपरात हात घालाल तर हात जाईल. आधी बाटला रिकामा करायचा.” इथवर ठीक होतं. पण पुढे ते म्हणाले, “आपल्या सासूबाई तशाच. गप हायत म्हंजे राग गेला असं समजू नका. बाटला भरलेला हाय.” सासूबाई दारातच उभ्या होत्या. “कोन रं बाटला?” एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवशी सगळ्यांना पुरणपोळी मिळाली. साडूंना नुसती पोळी मिळाली, आत पुरण नव्हतं. त्यांनी ती निमूटपणे खाल्ली आणि हात धुताना माझ्या कानात म्हणाले, “बघितलंत? टायमिंग बघितलंत?”

सासऱ्यांशी त्यांचा वाद तर कायमचा होता. सासरे भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले. डोंगरावरून पाइपातून पाणी खाली येतं आणि वीज होते, हे आयुष्यभर पाहिल्यामुळे पाण्यापुढे जगात काही मोठं आहे हे त्यांना मान्य नव्हतं. साडूंचं म्हणणं, पाणी गंजवतं, तेल सांभाळतं. पाणी डोंगरावरून पडल्याशिवाय काम करत नाही, तेल जागच्या जागी डोंगर ढकलतं. सासरे शांतपणे सुपारी कातरत म्हणत, “जावईबापू, तेल भजी तळायला.” यावर साडू एक भजं तोंडात टाकत, कारण समोर भजीच असत. एकदा सासऱ्यांच्या घरच्या नळाला पाणी बारीक येत होतं. साडूंनी ‘प्रेशरचा विषय आहे’ म्हणून पान्हा हातात घेतला आणि गच्चीवरच्या टाकीखालचा जोड असा काही आवळला की पाइप मधोमध फाटला. अंगणात कारंजं उडालं. आम्ही सगळे पळालो. साडू त्या कारंज्यात भिजत उभे राहून सासऱ्यांना ओरडून सांगत होते, “बघा! प्रेशर हाय! मी म्हनलं नव्हतं?”

पंप चालू असताना बोलायचं तर त्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत बोलावं लागतं. वर्षानुवर्षं असं बोलून साडूंचं बोलणंच तसं झालं होतं. घरीसुद्धा ते वाक्याचा अर्धा भाग बोलत, ठोक्यापुरतं थांबत, आणि मग उरलेला बोलत. “जेवाय,” मग गप्प, मग “वाढ गं.” घरच्यांना याची सवय होती. पण कशेळ्याला त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पंचाईत झाली. मुलीकडच्यांनी विचारलं, काय ठरलं? वडीलधारे म्हणून साडू उठले, घसा साफ केला, म्हणाले, “आमाला मुलगी नाय,” आणि थांबले. मुलीच्या आईनं पदर तोंडाला लावला. मुलीचा मामा उठून उभाच राहिला. “म्हनायला कारनच काय?” साडूंनी वाक्य पूर्ण केलं, आणि सगळे पांढरे का पडलेत म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. ते लग्न झालं, पण मामा अजून साडूंशी बोलताना वाक्य संपेपर्यंत कशावर विश्वास ठेवत नाही.

आणि कान! पंपाच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची तपासणी. कुठला बेअरिंग रडतोय, तेलात कुठे हवा शिरलीय, हे त्यांना ऐकू येत असे, किंवा येतं असं ते म्हणत. हीच तपासणी ते घरच्या फ्रिजची करत, रवंथ करणाऱ्या म्हशीची करत. सासऱ्यांचं पोट दुखत होतं तेव्हा त्यांनी तोच स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या पोटाला लावला आणि निदान केलं, “लाइनमधी हवा धरलीय.” कर्जतच्या डॉक्टरांनी पुढे इंग्रजीत तेच सांगितलं असं साडूंचं म्हणणं आहे. सासऱ्यांचं म्हणणं, डॉक्टरांनी फक्त गोळी दिली आणि जावयाला बाहेर बसायला सांगितलं.

पण या सगळ्या नाटकात एक गोष्ट नाटक नव्हती. ते म्हणजे पाणी.

तेलाचे सिलिंडर मागे, काँक्रीटचे पुढे, आणि दोघांच्या मधोमध पाण्याची एक पेटी असते. तिला वरून झाकण आणि खालून बूच. दांडे या पाण्यातूनच ये-जा करतात. पाणी त्यांना थंड ठेवतं, धुतं, रबर जळू देत नाही. साडूंसाठी मात्र ही पेटी म्हणजे पंपाची जीभ होती. रोज सकाळी कुणाशी एक शब्द बोलण्याआधी ते झाकण उचलत, पाण्यात बोट बुडवत, दोन बोटांत पाणी चोळत, वास घेत. तेलाचा तवंग दिसला तर मागचं सील गळतंय. बोटाला सिमेंटची कच लागली तर पुढचं रबर झिजलंय. पाणी गरम झालं तर कुणीतरी पंपाला छळतोय. “तेल आतल्या आत फिरतं, ते कुनाला दिसत नाय,” ते म्हणत. “काँक्रीट मुकं हाय. बोलतं ते पानीच.” बोट बुडवून झालं की मग चहा. त्यांचा एक नियम होता आणि तो ते येईल त्या प्रत्येक माणसाला ऐकवत, मिक्सरच्या ड्रायव्हरांना, गवंड्यांना, एकदा तर एका हॉलच्या मालकाच्या पाहुण्यांना: “ज्यानं पानी बघितलं नाय, त्यानं पंपाला हात लावू नये.” मिक्सरचे ड्रायव्हर त्यांची नक्कल करत. साडू त्यांना हसू देत.

आता माझ्यावर येतो.

दसरा होता. शेठच्या आवारात सगळ्या यंत्रांची पूजा झाली. साडूंनी पंपाला हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि घरची पूजा राहिलीय म्हणून कडावला गेले. मी मागे राहिलो. मला वाटलं, देवासारखी पूजा केली खरी, पण देवाच्या पोटात गढूळ पाणी तसंच आहे. मी खालचं बूच काढलं, पेटीतलं सगळं पाणी सोडून दिलं, आत हात घालून फडक्यानं पेटी पुसली, कोरडी केली, इतकी की आत नैवेद्य ठेवावा. बूच पुन्हा लावलं. आत झेंडूची दोन फुलं वाहिली. पाणी उद्या सकाळी भरू म्हणालो. मनापासून केलं होतं हो सगळं. म्हणून जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी कशेळ्याला लग्नाच्या हॉलचा स्लॅब होता. सकाळी पाइपलाइनचा एक वाकडा तुकडा वरच्या मजल्यावर बसेना म्हणून साडू आल्या आल्या वर चढले. तेवढ्यात पहिली मिक्सर गाडी आली. शेठ माझ्या शेजारी, पंपाला अगदी लागून उभे होते. इंजिन तापवायला सुरू केलेलं होतं, त्या आवाजावर वरून साडू ओरडले, “साडूभाऊ! पानी बघितलं का?” तोपर्यंत त्या माणसानं ते काम कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. मी शेठकडे बघितलं. मी अजून पाणी भरलं नाही हे शेठना कळू नये असं मला वाटलं. मी वर हात केला आणि म्हणालो, “बघितलं!” शेठ बाजूला झाले की लगेच बादली ओतायची असं मनाशी ठरवलं. मग मिक्सरच्या ड्रायव्हरनं मालाचं चलन सहीसाठी पुढे केलं, कुणी काही विचारलं, कुणी काही मागितलं, आणि बादली माझ्या डोक्यातून गेली ती गेलीच.

पंप चालला. अर्ध्या स्लॅबपर्यंत चांगला चालला. मग साडू मध्येच वरून ओरडले, “थांबवा! ठोका बदललाय!” पण तोवर रबरं जळून गेली होती. पंप अडला, पाइपात माल अडला, उन्हात तो आवळून घट्ट व्हायला लागला. साडू धावत खाली आले, त्यांनी बाटला रिकामा केला आणि मग पेटीचं झाकण उचललं. आत पाण्याचा थेंब नव्हता. पुढून गळून आलेला सिमेंटचा करपलेला लगदा होता, आणि एका कोपऱ्यात झेंडूची सुकलेली पाकळी. कुणाला काही इजा झाली नाही हे देवाचं देणं. अर्धा स्लॅब टाकून द्यावा लागला, कड फोडावी लागली, हॉलचा मालक तोंडाला येईल ते बोलला.

शेठनी विचारलं, “पाणी कुणी बघितलं होतं?”

साडू म्हणाले, “मी साडूभाऊंना वरून इचारलं. ते हो म्हनाले.”

शेठनी माझ्याकडे बघितलं. सकाळी इंजिनाच्या आवाजात त्यांच्या कानावर आमचं काही गेलं नव्हतं, हे मला दिसलं. आणि मी, जो खोटं बोलत नाही म्हणून त्या नोकरीत होतो, अगदी हळू, अगदी सभ्य आवाजात म्हणालो, “नाही भाऊ, मला नाही विचारलंत. विचारायचं मनात असेल, राहून गेलं असेल.”

साडू चिडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले, एखादा ठोका अनोळखी लागला की बघायचे तसे. मग त्यांनी कपाळ चोळलं. “मंग ऱ्हायलंच असंल,” ते म्हणाले. “साडूभाऊ नाय म्हनतायत म्हंजे नायच इचारलं मी. मला तर इचारल्यासारखं वाटतंय. मला तुमचा वर केलेला हातसुदिक दिसतोय.” आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी शेठच्या हातात पंपाची चावी दिली. शेठ नको म्हणाले. चूक होते म्हणाले. साडू म्हणाले, नियम माझाच हाय.

ते काम सोडून गेले आणि माझी बढती झाली, साइट माझ्याकडे आली. एक मागे गेला की दुसरा पुढे, त्यांनीच शिकवलं होतं.

ड्रायव्हरांना विषयच मिळाला. चौक गावच्या टपरीवर साडू दिसले की कुणीतरी ओरडायचं, “काय हो, पानी बघितलं का?” साडू मोठ्यानं हसायचे. घरी मात्र ते कुलूप लावून फाटकापर्यंत जात आणि परत येऊन कुलूप ओढून बघत. बाजाराला निघाले की नाक्यावरून माघारी येऊन गॅस बघत. म्हशींना पाणी दाखवलं का हे म्हशींनाच विचारत. माझी मेव्हणी, जिला मी ताई म्हणतो, माझ्या बायकोजवळ रडली की ह्यांच्या डोक्याचं काहीतरी बिघडलंय, न झालेलं झाल्यासारखं दिसतं. तेव्हा मी काय केलं? मी कर्जतच्या बाजारातून बदाम आणले. स्मरणशक्तीचं औषध आणलं, बाटलीवर ऋषीचं चित्र असलेलं. दर महिन्याला मी बदाम घेऊन कडावला जात असे, ताई ते भिजवून सोलून त्यांना देत असे, आणि साडू चावता चावता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “आमचे साडूभाऊ बघा, सख्खा भाऊ करनार नाय येवढं करत्यात.” मी मान खाली घालून चहा पीत असे. लोकांना तो विनय वाटायचा.

गोठ्यात मात्र त्यांचा जुना उत्साह अधूनमधून परत यायचा. म्हशीचं दूध काढताना त्यांचे दोन हात आलटून पालटून चालत, आणि ते मला सांगत, “ह्योच तो फेरा, साडूभाऊ. एक दाबतोय, एक भरतोय. फकस्त हिला सोंड मागं हाय आन ती टायमिंग पाळत नाय.” एवढ्यात शेपटी त्यांच्या तोंडावर बसायची. मी हसायचो. घरी गेल्यावर मला जेवण जायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली. मी सकाळी बदाम घेऊन गेलो तेव्हा अंगणात ऊन होतं, मुलगी बाळाला तेल लावून, गुंडाळून घेऊन बसली होती. तिला आत आंघोळीला जायचं होतं. ती म्हणाली, “बाबा, घ्या जरा हिला.” साडूंनी हात पुढे केले आणि मागे घेतले. “नको गं,” ते म्हणाले. “माझा भरवसा नाय. कुठं ठेवीन आन इसरंन. साडूभाऊंकडं दे. त्यांचं डोकं शाबूत हाय.” इतक्या दिवसांत त्यांनी नातीला एकदाही उचललं नव्हतं, हे मुलगी मला जाताना सांगून गेली.

बाळ माझ्या हातात होतं. कोमट होतं, जांभया देत होतं. साडू थोड्या अंतरावर उकिडवे बसून तिच्याकडे बघत होते, दुकानातली वस्तू बघावी तसे, हात पाठीमागे धरून. मी म्हणालो, “भाऊ, तुम्ही विचारलं होतं.”

“काय?”

“कशेळ्याला. पाण्याचं. तुम्ही वरून विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो.”

मला वाटलं ते ठोक्याला थांबलेत. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली, यंत्र तपासावं तसं. “मी कठड्याला धरून उभा व्हतो?” हो. “शेठ तुमच्या बाजूला व्हतं?” हो. “तुमी हात वर केला?” हो. “उजवा?” हो, भाऊ, उजवा. प्रत्येक ‘हो’ला त्यांच्या चेहऱ्याची एकेक घडी उलगडत होती. “म्हंजे मला दिसलं ते खरं दिसलं!” ते ओरडले. “अगं ए! भायेर ये! माझं डोकं चांगलं हाय!”

ताई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिला मी पुन्हा सगळं सांगितलं. पेटी मीच रिकामी केली, ‘हो’ मीच म्हणालो, ‘नाही’सुद्धा मीच म्हणालो. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “आन बदाम? बदाम कशापायी आनीत व्हता मंग?” ती म्हणाली, “नखं झिजली माझी सोलून सोलून,” आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

साडूंचा आनंद तोवर ओसरला होता. आता त्यांना राग आला, आणि तसा राग मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. ते उठले, माझ्या हातातून नात घेतली, छातीशी धरली. तिच्या डोक्यामागे त्यांचा तळहात अगदी बरोबर बसला. “मी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाय,” ते म्हणाले, “तुमच्या शब्दावर ठेवला.” मी काही बोलायला गेलो. त्यांनी मान हलवली. “हिथं नको. शेठसमोर नाय म्हनला व्हता, शेठसमोर बोला.”

दुसऱ्या दिवशी खालापूरजवळ एका इमारतीचा स्लॅब चालू होता. साडू इस्त्रीचा सदरा घालून आले. शेठ होते, ड्रायव्हर होते, नवा ऑपरेटर होता. पंप चालू होता आणि पुढची गाडी लावलेली होती, त्यामुळे कुणी तो थांबवणार नव्हतं. मी शेठजवळ गेलो आणि बोललो. शेठनी कानामागे हात धरला. साडू बाजूला उभे होते, माझ्याकडे न बघता पाइपाकडे बघत म्हणाले, “त्यांना आयकू गेलं नाय.”

मग मी ओरडलो. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत मावेल तेवढं, थांबत थांबत, पुन्हा पुन्हा. पाणी मी सोडलं. त्यांनी विचारलं होतं. मी खोटं बोललो. ड्रायव्हर चहाचे ग्लास धरून ऐकत होते, एकानं टोपी काढली. शेठ काहीतरी म्हणाले, ते मी ऐकलं नाही. मी साडूंकडे वळलो. जन्मात मी कधी एवढ्या मोठ्यानं बोललो नव्हतो.

“भाऊ, तुमचं काही चुकलं नव्हतं! मला माफ करा!”